तिसरी हाक

“बाई, खेळ कुठलाबी घ्या, पर बायकांस्नी माहेरच्या नावानं हाक मारायचा तेवढा नगा,” वाडीतली जाणती साळूबाई म्हणाली होती. “लगीन झाल्यावर ते नाव निजल्यालं असतंय. एकदा उठवलं, की रोज हाक मारावी लागती. तुमी येणार हाय का रोज?”

क्षमा हसली होती. “मावशी, खेळच तर आहे. भीड मोडते बायकांची.”

कॉलेजात समाजकार्य शिकताना असले ओळखीचे खेळ तिनं वहीभर उतरवून घेतले होते. संस्थेनं तिला पाठवलेल्या, मेढ्याच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत मात्र दोन मंगळवार बायका समाजमंदिराच्या भिंतीला टेकून नुसत्या बसून होत्या. तिसऱ्या मंगळवारी तिनं रिंगण धरायला लावलंच. एकीनं मध्ये यायचं, लग्नाआधीचं नाव सांगायचं, बाकीच्यांनी ते पुकारायचं. किती वेळा, ते बायकांनीच ठरवलं: तीनदा. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ती भलत्याची असू शकते, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

साठीच्या लीलाबाईंचं नाव निघालं पुतळा. “म्हनूनच कामाला हलत न्हाईस व्हय गं!” एकजण ओरडली आणि भिंती हसल्या. “ताई, तुमचं?” कुणीतरी विचारलं. “माझं राहू द्या,” क्षमा म्हणाली.

शेवटी साक्षी आली. नवरा फौजेत, काखेत पाच महिन्यांचं बाळ. “हौसा,” ती पुटपुटली. “आजीचं नाव. सासरी म्हनले, जुनाट वाटतंय.” तिसऱ्या हाकेला तिनं अशी ओ दिली, की बाळ दचकून रडायला लागलं आणि ती हसता हसता डोळे पुसू लागली. निघताना तिनं क्षमाचा हात धरला. “ताई, परत कवा?”

“पुढच्या मंगळवारी. नक्की.”

पुढच्या मंगळवारी क्षमाच्या राजसला ताप चढला. आठ महिन्यांचं पोर, ती रात्रंदिवस त्याचा श्वास मोजत बसली. मग संस्थेनं तिला शिरवळच्या कारखान्यांतल्या बायकांचं काम दिलं. वाडी राहिलीच. राजसला दुसऱ्यांदा ताप आला त्या दुपारी फोन वाजला.

“ताई, हौसा बोलतीय.”

“कोण?”

पलीकडं बाळ किरकिरलं. मग, “साक्षी.”

“हां, बोल ना गं.”

“दुपारी घरात कुनी नसतंय. तवा माळावरनं हाक येती. हौसा... हौसा. दोनच. तिसरी येतच न्हाई, ताई. लय जीव टांगल्यागत हुतोय. तुमी मारा की एकदा, मंजी मिटंल.”

राजसच्या काखेतला थर्मामीटर तेवढ्यात वाजला. “अगं, झोप होत नाही तुझी. बाळ निजलं की तूही पडत जा. मंगळवारी येते, सगळ्या मिळून मारू.” एका शब्दाचं काम होतं. क्षमानं फोन ठेवला.

दहा दिवसांनी साळूबाईचा निरोप आला. भरदुपारी बाळाला पाळण्यात घालून साक्षी शेजारणीला म्हणाली, “जरा बघा, मला बोलवत्यात.” आणि माळाच्या वाटेला लागली. लोकांनी ओढे धुंडाळले, कडे पाहिले, पोलीस येऊन गेले. मिळाली ती एक चप्पल.

क्षमा वाडीत पोचली तेव्हा साळूबाई तिला रागावलीसुद्धा नाही. “उठवलं तुमी, बाई. निजवायला कुनी न्हवतं,” एवढंच म्हणाली. दोघी माळावर चढल्या. कारवीच्या झुडपांत वारासुद्धा नव्हता. क्षमानं छाती फुटेस्तोवर हाक मारली, “हौसाऽऽ!” डोंगरानं ती दोनदा परत केली. मग गप्प झाला.

त्याला आता चार महिने झाले. वाईच्या घरात परवा दुपारी नवरा धवल ऑफिसात, राजस झोपलेला, आणि क्षमा दूध तापवत होती. खिडकीबाहेरून कुणीतरी म्हणालं, “मयूरी.” हे तिचं माहेरचं नाव. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत धवलनं अंगठीनं ‘क्षमा’ लिहिलं, तेव्हापासून या घरात कुणी ते उच्चारलेलं नाही. “मयूरी,” पुन्हा आलं. दूध उतू गेलं. ती तिसरीची वाट पाहत उभी होती. आपण दाराची कडी काढली आहे, हे तिला कडी हाताला गार लागली तेव्हा कळलं.

तिनं सांगलीला फोन लावला. “आई, मला हाक मार.”

“काय गं मयू, बरं आहे ना?”

“पूर्ण. मोठ्यानं.”

आईनं मारली. क्षमानं ओ दिली आणि फरशीवरच बसली.

तेव्हापासून भेटेल त्याला ती एकच सांगते, हे वाचणाऱ्या तुम्हांलाही तेच. तुमच्या ओळखीत एखादी असेल, नुकती बाळंत झालेली, दुपारची एकटी. मध्यंतरी तिचा फोन आला होता आणि तुम्ही ‘मंगळवारी येते’ म्हणाला होतात. तिला आत्ता हाक मारा, तिच्या जुन्या नावानं. ओ आली नाही, तर चपला घाला आणि निघा.