पहिल्या विटेचे पेढे

देवदत्त गुप्त्यांच्या तोंडात पेढा होता आणि तो काही केल्या गिळवेना.

भांडुपच्या त्यांच्या कारखान्यात भट्टीला आतून लावायच्या, आगीला दाद न देणाऱ्या विटा बनत. आसपासच्या ओतकामाच्या फाउंड्र्या एकेक करून बंद पडल्या, गिऱ्हाईकच उरलं नाही. महिनाअखेर गेटला कुलूप लावायचं ठरलं होतं. तेवढ्यात लेकीनं, इरावतीनं, एका नगरपालिकेची चार वर्षांची ऑर्डर आणली. कचरा जाळायची भट्टी असणार, असं देवदत्तांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. माणूस एवढा हरखला होता! कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे साच्यातून निघालेल्या पहिल्या विटेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, वीस कामगारांना पेढे वाटले. मग स्वतः एक तोंडात टाकून सहज विचारलं, "माल उतरवायचा कुठं गं?"

"स्मशानात. सात विद्युतदाहिन्या आहेत, बाबा."

कोणी पेढा हातात धरून तसाच उभा, कोणी हळूच खिशात सारला. देवदत्तांच्या पायाखालची जमीनच सरकली. मढी जाळायच्या विटेला कुंकू लावलं! वर पेढे वाटले!

"कॅन्सल कर," ते कसेबसे म्हणाले. "लोकांच्या मरणावर पोट भरायचं?"

"कॅन्सल केलं की महिनाअखेर कुलूप. मुद्दामच नाही सांगितलं तुला. टेंडर भरूच दिलं नसतंस ना!"

देवदत्तांनी भाऊरावांकडे पाहिलं. तीस वर्षांपासूनचा मालवणी फोरमन, देवाधर्माचा माणूस. हा तरी नको म्हणेल.

"सायब," भाऊराव म्हणाले, "माझ्या बायलेक, मालनीक नेलंव तेव्हा दाहिनी बंद पडलेली. आतल्यो इटा ढासळलेल्यो. सहा तास तिका उन्हात घेवन बसलंव आमी."

"सहा तास? अहो, वहिनींच्या वेळी मी आलो होतो की!"

"आलेलात. तासाभरान गेलात."

त्या दिवशी देवदत्तांची अंधेरीला मीटिंग होती. पुढचं उरकलं असेल असं धरून ते निघाले आणि पाच वर्षांत एका शब्दानं विचारलं नव्हतं. रोज समोर उभ्या असलेल्या माणसाला! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"दाराकडची इट आधी फुटता," भाऊराव म्हणाले. "ती जाड करूक व्हयी."

देवदत्तांनी लेकीपुढे हात केला. "दाराकडच्या विटेचं ड्रॉइंग दे," ते म्हणाले.