हसण्यावारी गेलेली सुई

तोरिकाताईने मला सुई टोचली आणि म्हणाली, "तुझं झालं. बाळाचंही निभावेल. पण आपिसाईने सुई घेतल्याशिवाय त्याला जवळ येऊ देऊ नकोस. नाहीतर परत लागण होईल."

"तुम्हीच सांगा ना त्याला."

"मी?" ती खिडकीबाहेर बघायला लागली. "सख्खा भाऊ आहे माझा, वासिती."

बेटावर नर्स एकच, आणि तीच नेमकी माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. भावा-बहिणीने असल्या विषयाचं एकमेकांसमोर नावसुद्धा काढायचं नसतं. शहराकडे जाणारी बोट तर तिच्या मनात येईल तेव्हा यायची.

आपिसाई मासेमारीच्या जहाजावरून परतला तो उपदंश घेऊनच. मी विषय काढला तसा उसळला. "मला जखम नाही, दुखणं नाही. तपासायचं काय? बहिणीसमोर चड्डी उतरवू?"

"रक्त दंडातून काढतात."

"आणि सुई कुठे टोचतात, तेही सांग की!"

ताईने दिलेले कंडोम त्याने चुलीत घातले.

मग मी साकिउसाला गाठलं. हा त्याचा मामेभाऊ. मामे-आतेभावांनी एकमेकांची चारचौघांत अब्रू काढायची आणि पोट धरून हसायचं, हीच आमच्याकडची माया. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, माझ्यावर सोडा."

संध्याकाळी सगळे यंगोनाच्या मुळांचं गुंगी आणणारं पेय प्यायला बसले होते. साकिउसाने वाटी खाली ठेवली. "काय रे आपिसाई, परदेशातून घरच्यांना साबण नाही, कापड नाही. जे आणलंस ते चड्डीतच ठेवलंस म्हणे! जा, बहिणीकडून सुई मारून घे!"

चटईवर हसून हसून माणसं लोळली. आपिसाई सगळ्यांत मोठ्याने हसला. "तुझ्याकडूनच आलंय ते, आधी तू जा!"

घरी आल्यावर मात्र दात खाऊन म्हणाला, "आता मेलो तरी जाणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर दिसलो की गाव म्हणेल, साकिउसा खरं बोलला."

मी त्याला बरेच दिवस लांब ठेवलं. तो चिडला, रडला. सासूबाई टोमणे मारायला लागल्या, नवऱ्याला ओसरीवर निजवते म्हणून. शेवटी मी थकले. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, आणि पोटुशी बाई ते कुठून आणणार?

आठव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं. मुलगा होता. नखंसुद्धा आली होती. ताईने त्याला आंघोळ घातली, मऊ चटईत गुंडाळलं आणि मग माझं रक्त तपासलं. लागण परत झाली होती.

त्याला पुरून आल्यावर आपिसाई भर दुपारी दवाखान्यात आला. बाहेर झाडाखाली माणसं बसली होती, साकिउसाही होता. कुणी हसलं नाही.

मी पडद्यामागच्या खाटेवर होते. ताईने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिने सुई दिली, कापूस दाबला. तो खाली मान घालून निघून गेला.

ताई हात धूत राहिली. तिचे खांदे हलत होते.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली.