चमकवलेला सौरघट

मित्रांनो, मी एक जुना सौरघट आहे. तळहाताएवढा, उन्हाची वीज करणारा. जबलपूरजवळ खमरियाच्या फॅक्टरीच्या एका क्वार्टरमध्ये, बेसिनवरच्या खिळ्याला मी टांगलेला असतो.

मला क्षमाने घडवलं. साधी काच चमकते, म्हणजेच थोडं ऊन परत फेकते. ते वाया जाऊ नये म्हणून क्षमाने माझ्या काचेवर पारदर्शक लेप चढवला आणि ठशाने त्यावर डोळ्यांना न दिसणारी शिखरं उमटवली. एका शिखरावरून निसटलेला किरण शेजारच्यावर आदळून आत यायचा. म्हणून मी तव्यासारखा काळा दिसायचो. दोन वर्षांत एकदाच असं जमलं, आणि तेव्हाच तो ठसा तुटला. क्षमा मला फक्त कडेने धरायची.

दसऱ्यानंतर परीक्षक येणार होते. गुळगुळीत घटापेक्षा मी जास्त वीज दिली, तरच तिचं संशोधन पुढे चालणार होतं. सुट्टीत प्रयोगशाळेत कुणाचा हात लागू नये म्हणून तिने मला कापसात गुंडाळून घरी आणलं.

खंडेनवमीला ती झेंडू आणायला गेली होती. तिचे वडील भय्यासाहेब यांनी पाना, पक्कड, हातोडी घासूनपुसून पूजेला मांडली. आई विनताबाईंनी मला आणलं. "अहो, पोरीचं हत्यार तर हेच."

"हे काळं तोंड? फॅक्टरीत असा पाना पूजेला ठेवला तर हाकलतील. घास त्याला. आपलं तोंड दिसलं पाहिजे त्यात."

"क्षमा म्हणते, हात लावू नको."

"काहून? सोन्याचा आहे काय? देवीपुढे मळकं ठेवून राहिली तू!"

बाईंचा नववा उपवास होता. हा शब्द त्यांना लागला. त्यांनी चिंच आणि रांगोळी घेतली, नारळाच्या शेंडीने मला घासलं. "चमक रे बाळा, माझ्या पोरीचं नाव कर," असं त्या पुटपुटत होत्या आणि माझी शिखरं मोडत होती. लेप गेला, काच लखलखली. कुंकू लावून, पुसून त्यांनी मला परत कापसात ठेवलं. पोरीला नवल वाटावं म्हणून काही बोलल्या नाहीत.

परीक्षकांपुढे क्षमाने कापूस उलगडला. माझ्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि कडेला कुंकवाचा कण. तरी तिने तारा जोडल्या. दोन्ही घटांचे आकडे सारखे आले.

"बेटी, फरक कहाँ है?"

"सर, चूक माझीच आहे," एवढंच ती म्हणाली. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतलं तिचं टेबल दुसऱ्याला मिळालं.

आई देवळात गेलेली पाहून तिने वडिलांना सारं सांगितलं. "बाबा, आईला सांगू नका."

"अच्छा! शेंडीनं निघून गेलं तुझं शास्त्र?" ते हसले. "चलो, आरसा तरी झाला." त्यांनीच मला इथे टांगलं.

मित्रांनो, कुणाचं काळेपण घासण्याआधी ते कशासाठी आहे, हे एकदा विचारा. हात मायेचा असला तरी विचारा.

रोज सकाळी भय्यासाहेब माझ्यात पाहून मिशा कातरतात आणि हाक मारतात, "विनता, काय चमकवलंस गं! पोरगी खूश झाली की नाही?"

बाई लाजून हसतात, पदराने मला पुन्हा पुसतात. क्षमा मागे टॉवेल घेऊन उभी असते.

"हो आई," ती म्हणते. "खूप."