हौद्यातली माणसं

मित्रांनो, मी एका बंद खाणीतला म्हातारा डंपर आहे. माझी चाकं बसली, काचा गेल्या, दारातून नेचे उगवले. मला गंजका म्हणा, थेरडा म्हणा, हवं ते म्हणा, पण रिकामा म्हणू नका. मी भरलेला आहे. कशानं, तेच सांगायला बसलोय. घाबरू नका. घाबरलात तरी चालेल म्हणा, मीही घाबरतोच.

माझे सुटे भाग जहाजातून आले. बोगनव्हिल बेटाच्या धक्क्यावर मला जोडलं, पिवळाजर्द रंग दिला आणि डोंगरातल्या तांब्याच्या खाणीवर चढवलं. अल्फॉन्स माझा चालक. तो याच डोंगरातला, जिची ही जमीन त्या बेनेडिक्टाचा सख्खा भाऊ. सकाळी शिडी चढताना मला थोपटायचा आणि म्हणायचा, "चल रे माझ्या राजा!" खालून दगड भरायचा, वर न्यायचा, ओतायचा, पुन्हा खाली. त्या दिवसांत माझं कौतुक काय विचारता! बेटावर राज्य करणाऱ्या दूरच्या राजधानीतून, मोरेस्बीहून, साहेबलोक यायचे, माझ्या चाकापाशी उभे राहून फोटो काढायचे. म्हणायचे, "अख्खा देश याच्या पाठीवर चाललाय." मी फुगून जायचो. देश म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण पाठ माझी होती.

मग एका धुकट सकाळी यंत्राच्या सोंडेनं माझ्या हौद्यात जे टाकलं, ते दगड नव्हते. मऊ काळी माती होती. तिच्यात शंखांच्या माळा होत्या आणि हाडं होती. बेनेडिक्टाच्या आज्या-पणज्यांना जिथं ठेवलं होतं, तीच ती जागा. अल्फॉन्सनं आरशात पाहिलं आणि मला जागचं हलवलंच नाही. मागचे डंपरवाले भोंगे वाजवायला लागले, मुकादम शिव्या घालायला लागला. शेवटी अल्फॉन्सनं मला वर नेलं. मी हौदा उचलला, सगळी माती घसरून दरीत गेली. पण वजनानं दबलेले माझे स्प्रिंगचे पाटे काही वर आले नाहीत.

मिस्त्री खाली शिरून बघत बसला. "हौदा तर रिकामा आहे. मग दबलाय कशानं हा?" त्यानं नवे पाटे घातले. तेही दबले.  उताराला लागलो की अल्फॉन्सला मागून आवाज यायचे. विहिरीवर बायका हळू बोलतात ना, तसे. त्यानंतर त्यानं मला थोपटणं सोडलं. मला फार वाईट वाटलं, पण त्याला तरी काय बोलणार?

पुढे काय झालं, ते या बेटावर लहान पोरालाही माहीत आहे. खाणीचा गाळ नदीत गेला, नदी मेली, मासे गेले. पैसा मोरेस्बीला आणि परदेशाला, चिखल आम्हाला. भांडण पेटलं, त्याची लढाई झाली, खाण बंद पडली. सरकारनं बेटाची नाकेबंदी केली. बोटी येईनात, औषधं येईनात. त्यातच बेनेडिक्टाची लेक रेजिना तापानं गेली. समोरचे दोन दात नुकते पडले होते पोरीचे. इथं जमीन आईकडून लेकीकडे जाते. ज्या लेकीची ही जमीन व्हायची, तीच जमिनीत गेली. माझ्या वरच्या उतारावरच तिला ठेवलंय.

लढाई निवली तशी माणसं करवती घेऊन आली. माझे भाऊबंद कापले गेले, भंगारात विकले गेले. माझ्याकडे वळले, तेव्हा बेनेडिक्टा आली. हातात रानआल्याचा लांब पाला होता. तिनं तो माझ्या शिडीला गुंडाळून गाठ मारली. आमच्याकडे याला गोरगोर म्हणतात. एकदा ती गाठ पडली की पडली. बांधली त्यानंच सोडायची, बाकी कुणी बोट लावायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. करवतवाले मुकाट परत गेले. पाला वाळला की बेनेडिक्टा येऊन ताजा बांधायची आणि हौद्याकडे बघून विचारायची, "बऱ्या आहात ना गं सगळ्या?"

वर्षं गेली. बेटानं स्वतंत्र देश व्हायचं की नाही, यावर मतदान आलं. त्याच्या थोडं आधी बेनेडिक्टाचा मुलगा सिप्रियन शहरातून आला. पैशाचे व्यवहार शिकलेला, पोरगा गुणी. दुपारी डोंगरात नेहमीची भुरभुर लागली, म्हणून घरची आणि गावची माणसं माझ्या हौद्याखाली आडोशाला बसली. सुपाऱ्या फुटल्या, चुना फिरला आणि बोलणं सुरू झालं.

"मत सगळे एकाच बाजूला देणार, ते ठरलेलंच आहे," सिप्रियन म्हणाला. "पण दुसऱ्या दिवशी काय? मास्तरांचा पगार कुठून? दवाखाना कशावर? मोरेस्बीहून येतं ते बंद होणार. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं नाही म्हणता, मग आपली ओंजळ कुठाय?"

"कोको आहे की! नारळ आहे!" गावातला ब्लेझ म्हणाला. सुपारीनं तोंड लाल झालेला हा म्हातारा प्रत्येक बैठकीत असतोच.

"कोकोला कीड लागलीय, काका. कोकोवर शाळेचं छप्पर होईल, देश होणार नाही. देश चालवायचा तर हीच खाण उघडावी लागेल."

"म्हणजे देश मिळवायचा, तर आधी देशच विकायचा? वा रे तुझं गणित! याच्यासाठी शहरात फी भरली होय रे आम्ही?"

सगळे हसले. सिप्रियनही हसला, पण हट्ट सोडला नाही. "विकायचा कशाला? या वेळी मालक आपण असू. नदीत गाळ सोडायचा नाही असा कायदा आपण करू."

"मागच्या वेळचा साहेबही असंच गोड बोलायचा," अल्फॉन्स म्हणाला. "त्याचे बूट तेवढे तुझ्यापेक्षा चकचकीत होते."

"मामा, थट्टा पुरे. तुम्ही घराण्याच्या वतीनं बोलणारे. दुसरा रस्ता असेल तर सांगा ना! मी ऐकतो."

अल्फॉन्सनं बहिणीकडे पाहिलं. आमच्यात बोलतो भाऊ, पण ठरवते बहीण. बेनेडिक्टा सुपारी चघळत म्हणाली, "सोन्याची सुरी झाली, म्हणून उरात खुपसून घेऊ का?"

तेव्हा सिप्रियन तिच्याकडे वळला. "आई, रेजिना कशानं गेली? गोळ्यांचं एक पाकीट मिळालं असतं तर आज ती इथं बसली असती. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आपली बोट असती, आपला दवाखाना असता तर? पुन्हा कुणाच्या बहिणीचं असं व्हायला नको, म्हणून बोलतोय मी. मला काय डोंगर फोडायची हौस आहे?"

 मित्रांनो, खरं सांगतो, मला त्याचं पटलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. बेनेडिक्टानं हातानं डोळे पुसले, पण मान काही हलवली नाही.

मग त्यानं ती चूक केली. उठला, माझ्या शिडीपाशी आला. "उद्या खाण उघडायच्या पाहणीला माणसं येतायत. ही गाठ बघून ती परत जातील. आईचा हात तोच माझा हात. सोडतो मी."

"सिप्रियन! हात लावू नकोस!" अल्फॉन्स ओरडला. "तू मुलगा आहेस, लेक नाहीस!"

पण तोवर गाठ सुटली होती. पाला खाली पडला.

आधी धुकं उतरलं. मग वरच्या उतारावर गवत वाकायला लागलं. वारा मुळीच नव्हता, मित्रांनो. एकामागोमाग एक अशा वाटा पडाव्यात तसं गवत वाकत माझ्यापर्यंत आलं आणि माझी शिडी वाजली. पायरी, मग पायरी. कुणीतरी चढलं, हौद्यात बसलं. त्याच्यामागून आणखी कुणी. माझे पाटे करकरत खाली गेले. माझ्याखाली बसलेली माणसं किंचाळत बाहेर पळाली. ब्लेझच्या तोंडातली सुपारी पडली. ज्यांना अजून कुणी खणलं नव्हतं, ती डोंगरातली माणसं आपणहून येऊन बसत होती. आता आपल्याला न्यायचंच आहे, मग उशीर कशाला, असं त्यांना वाटलं असेल.

सगळ्यांत शेवटी कुणीतरी अगदी हलकं आलं. शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर त्याला मोठं पडत होतं. एक पायरी चढायची, थांबायचं, मग दुसरी. सिप्रियन तिथंच उभा होता, हात अजून शिडीवर. त्याच्या बोटांवर कुणाचं तरी छोटंसं पाऊल पडलं. 

"आई," तो कसाबसा म्हणाला, "हे गार आहे. लहान आहे."

"रेजिना आहे ती," बेनेडिक्टा म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "तूच बोलावलीस, बाळा. दवाखाना तिच्यासाठी म्हणालास ना? आणि भरणार कोणाला होतास या हौद्यात?"

सिप्रियन गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "आई, बांध. आधी बांध ती गाठ!"

"ताजा पाला आण."

तो धुक्यात धावला, ओरबाडून पाला घेऊन आला. बेनेडिक्टानं आपल्या हातानं गाठ मारली. मग शिडीवर हात फिरवत ती म्हणाली, "उतर गं माझी बाय. कुणी नेत नाही तुला. जा, नीज." शिडी पुन्हा वाजली, हलकी हलकी, खालच्या दिशेनं. तिच्यामागून बाकीचेही उतरले. माझे पाटे वर आले, पण पूर्वी दबलेले होते तिथपर्यंतच. ज्या जुन्या बायकांना मी खरोखर नेलं, त्यांना उतरायला जागाच उरलेली नाही. त्या अजून बसल्यात.

नाक पुसत सिप्रियननं विचारलं, "मग आई, देशाला पैसा कुठून आणायचा?"

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "मत मी स्वतंत्र व्हायलाच देणार. पैसा तू शोध. शिकलायस ना? पण तिला भरून नाही."

पाहणीची माणसं आली, गाठ बघून परत गेली. मतदानाच्या दिवशी या डोंगरातली झाडून सगळी माणसं नाचत गात खाली गेली. सिप्रियन आईचा हात धरून चालत होता. पैशाचं कोडं अजून सुटलेलं नाही. तो अधूनमधून येतो, माझ्या चाकाला टेकून कागदावर आकडे मांडतो, खोडतो, पुन्हा मांडतो. त्याच्याजवळ शिडीच्या खालच्या पायरीवर कधीकधी कुणीतरी हलकं येऊन बसतं. आता तो दचकत नाही. जरा सरकून जागा करतो.

मित्रांनो, माझं आता थोडंच उरलंय. तळ गंजत आलाय. एक दिवस तो फुटेल, आणि माझ्यातल्या या आज्या कुठे जातील, याची मला काळजी लागून राहिलीय. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातीही कधीतरी माझ्यासारखं धूड येईल. ते भरण्याआधी खाली उतरा, मातीला हात लावा आणि विचारा, इथं कोण आहे? मला कुणी विचारू दिलं नाही. म्हणून मी अजून भरलेला आहे.