जुन्या डब्यातला एको

"आवाज येतोय भाऊ," रत्नमालाताई म्हणाल्या, "पण पुढं जातच नाय. इथल्या इथं पडतोय."

साहेबराव हातात पेचकस धरून उभे होते. दुकानाच्या टेबलावर ताईंचा जुना गिटार ॲम्प्लिफायर पाठ उघडी टाकून ठेवलेला होता. समोर स्टुलावर बसलेल्या ताईंच्या मांडीवर हवाईयन गिटार आडवी होती. त्यांनी डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून पुन्हा सरकवली, तार छेडली आणि हात उचलला.

"आता तर चांगला घुमतोय की," साहेबराव म्हणाले.

ताईंनी मान हलवली. त्यांना वाद घालायचा नव्हता, पण पटलंही नव्हतं.

त्या ॲम्प्लिफायरच्या तळाशी पत्र्याचा एक लांबट डबा असतो. त्यात दोन-तीन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा आवाज त्या स्प्रिंगांतून थरथरत जातो आणि मोठ्या दालनात वाजवल्यासारखा घुमून बाहेर येतो. वाजवणारे त्याला एको म्हणतात. ताईंच्या ॲम्प्लिफायरचा एको कधीचाच मुका झाला होता. साहेबरावांनी जुना डबा काढून मुंबईहून मागवलेला नवा बसवला होता आणि काम झालं असं ताईंना कळवलं होतं.

"तुम्हाला खरं सांगू का," ताई म्हणाल्या, "माझ्यासाठी असता तर चालला असता. पण पौर्णिमेला विहारात कडुबादादा गाणार आहे."

कडुबा हा ताईंचा थोरला भाऊ. एके काळी त्याच्या गायन पार्टीला अजिंठ्यापासून जालन्यापर्यंत बोलावणी यायची. ताई तेव्हा फर्दापूरला आरोग्यसेविका होत्या. दिवसभर लसीकरण करून संध्याकाळी जीपमध्ये गिटार घेऊन बसायच्या. बाई हवाईयन गिटार वाजवते हे बघायलाच गर्दी व्हायची. आता ताई निवृत्त होऊन मुकुंदवाडीत राहत होत्या आणि कडुबाने गाणं सोडल्यालाही बरीच वर्षं झाली होती.

"त्याचा दम पुरत नाय आता," ताई म्हणाल्या. "सूर मधीच तुटतो. तुटला की तिथून मी धरायचा, असं ठरलंय आमचं. एको नसला तर तिथं रिकामं पडतं. लोकांना कळतं, म्हातारा दमला." त्यांनी गिटार पिशवीत घातली. "पण तुमी म्हणता तर ठीकच असंल. माझेच कान म्हातारे झाले असतील. उद्या रिक्षा घेऊन येते न्यायला. जयभीम."

"जयभीम ताई," साहेबराव म्हणाले आणि त्या गेल्यावर खुर्चीत बसले.

ताईंनी स्वतःच्या कानांना दोष दिला, तो साहेबरावांना लागला. पुंडलिकनगरच्या गल्लीतल्या या दुकानात त्यांनी अर्धं आयुष्य भोंगे, मिक्सर, लाउडस्पीकर उघडण्यात घालवलं होतं. भोंग्याला कान लावून दोष शोधायची सवय होती आणि त्या सवयीने हळूहळू कानच नेले. मोठं बोलणं ऐकू यायचं, ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा. बारीक, लांबत जाणारं काहीही ऐकू येत नव्हतं. दुकानात ते गिऱ्हाइकालाच विचारायचे, "तुम्हीच सांगा, कसं वाटतं?" लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटायचा. ताईंचा जुना डबा त्यांनी दुरुस्त न करता बदलला, त्याचंही कारण तेच होतं. स्प्रिंगांचा दोष कानाने शोधावा लागतो.

दुपारी त्यांची बायको करुणा जेवणाचा डबा घेऊन आली.

"त्या गिटारवाल्या ताई भेटल्या कोपऱ्यावर," ती म्हणाली. "तोंड एवढंसं झालं व्हतं. काय झालं?"

साहेबरावांनी सांगितलं.

"मग खरं कोणाचं? त्यांचं का तुमचं?"

"मला काय माहीत."

"म्हणजे?"

"मला ते ऐकूच येत नाय करुणा." एवढं बोलून ते टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागले.

करुणा डब्याचं झाकण काढत म्हणाली, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"आधी माझी काकणं वाजली तरी वळून बघायचात. आता दोनदा हाक मारावी लागती."

"मग बोलली कामून नाय?"

"तुमी बोलला नाय, म्हणून."

साहेबराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. इतकी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट घरात सगळ्यात आधी फुटली होती आणि त्यामुळे काहीच बिघडलं नव्हतं.

"बस इथं," त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "जेवायचं नंतर बघू."

फळीखालून त्यांनी स्प्रिंगांचा जुना डबा काढला. डोळे अजून चांगले होते. भिंगाखाली बघितलं तर एका टोकाच्या गुंडाळीतली केसासारखी तार तुटली होती. श्वास रोखून त्यांनी तिला कथलाचा डाग दिला. डबा जोडला, ॲम्प्लिफायर चालू केला आणि दुकानातली जुनी गिटार जोडून एक तार छेडली.

"काय येतंय?"

"डब्यात माशी अडकल्यावाणी येतंय."

माशी म्हणजे काहीतरी घासतंय. त्यांनी पुन्हा उघडून बघितलं. आतला स्पंज वाळून सुटला होता आणि स्प्रिंगेला टेकला होता. तो खरवडून काढला.

"आता?"

"माशी गेली. पण एका अंगानंच येतंय. कसं सांगू, एका पायावर चालल्यावाणी."

एक स्प्रिंग कडीतून निसटली होती. सुईच्या टोकाने ती ओढून कडीत अडकवायला बराच वेळ गेला. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं स्पीकरच्या कागदावर हलकेच टेकवली आणि उजव्या हाताने तार छेडली. बोटांखाली थरथर आली, हळूहळू विरली.

"आता विहिरीत हाक मारल्यावाणी येतंय," करुणा म्हणाली. "लई गोड."

भाकरी गार झाली होती. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी करुणाही दुकानात थांबली होती. ताईंनी एकदाच तार छेडली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "हा. हाच तो."

"ताई, काल तुमचं बरोबर होतं," साहेबराव म्हणाले. "मला नीट ऐकू येत नाय. हे ऐकून सांगितलंय हिनं, मी नुसते हात चालवले."

ताईंनी करुणाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तर मग पौर्णिमेला दोघंबी या. पुढं बसा."

पौर्णिमेला सकाळी वंदना झाल्यावर कडुबा गायला बसला. अंग वाळलेलं, पांढरा सदरा खांद्यांवर मोठा झालेला. ओळखीचे म्हातारे भिंतीला टेकून बसले होते, बायका दुसऱ्या बाजूला. आवाज जुनाच होता, फक्त पातळ झाला होता. तिसऱ्या कडव्यात त्याने सूर वर नेला आणि तो तुटला. ताईंची कांडी त्याच क्षणी तारेवरून वर सरकली. त्यांनी सूर उचलला, तार सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

साहेबरावांना सूर थोडा वेळ ऐकू आला, मग काही नाही. त्यांना वाटलं, गाणं संपलं. पण विहारात कोणी हललं नव्हतं. कडुबा डोळे मिटून, दम घेत शांत बसला होता. पलीकडे बायकांत करुणा मान किंचित वळवून अजून ऐकत होती. एका बाईच्या मांडीवरचं लेकरूही गप्प होतं.

साहेबरावांनीही हात जुळवून मांडीवर ठेवले आणि सगळ्यांबरोबर ते थांबून राहिले.