फहदचा गुडघा

मुलगा-सून कामाला गेली की लंडनमधल्या स्टॅनमोरच्या त्या घरात रघुवीरराव आणि टीव्ही. इंग्लिश फुटबॉल ते आवडीनं बघत, पण जीव गुंतत नसे. त्यांचं फुटबॉल कुवेतला राहिलं होतं. तिथल्या अव्वल लीगमधल्या एका क्लबचे ते कित्येक वर्षं फिजिओ होते. नव्वद साली रजेवर पुण्याला आले, इकडे इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, आणि परत जाणं झालंच नाही. त्यांच्या हाताखालची ती पोरं जगली की नाही, हेही धड कळलं नाही.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये सून आसावरी त्यांना एजवेअर रोडला खजूर घ्यायला घेऊन गेली. पाय दुखले म्हणून दोघं एका अरबी कॅफेत टेकली. भिंतीवरच्या टीव्हीत मॅच चालली होती. रघुवीररावांचा कप ओठांशीच थांबला.

"बाबा, आर यू ओके?"

"अगं, हा आमचा क्लब!"

तेवढ्यात कोच दिसला. पिकलेले केस, सुटलेलं पोट, चालताना उजवा पाय किंचित ओढत.

"फहद!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की सगळं कॅफे वळून बघायला लागलं.

तो खेळाडू असताना, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला त्यांनीच समुद्राकाठच्या वाळूत चालवला होता. फहद रडायचा, शिव्या द्यायचा, आणि संध्याकाळी आईच्या हातचं काहीतरी डब्यातून घेऊन यायचा.

शेजारच्या टेबलावर उपचारांसाठी लंडनला आलेले एक कुवेती म्हातारबाबा होते. "फहदचा भाऊ माझा शेजारी," ते इंग्रजीत म्हणाले. आसावरीनं लगेच घरचा नंबर दिला.

रविवारी फोन वाजला.

"दोक्तोर!" रघुवीररावांकडूनच शिकलेली ती मोडकी हिंदी. "हम समझा, तुम मर गया!"

"मैं भी तेरे लिए वही समझा, रे."

मग फहद म्हणाला, "ठंडी में घुटना दुखता, दोक्तोर. क्या करेगा?"

रघुवीररावांनी डोळे पुसले. "बैठ. पाँव लंबा कर. अब धीरे-धीरे मोड. झटका नहीं!" सांगता सांगता त्यांनी स्वतःचाही पाय लांब केला.

स्वयंपाकघरातून आसावरी बघत राहिली. या घरात सासऱ्यांचा आवाज इतका मोठा तिनं कधी ऐकलाच नव्हता. शिटी व्हायच्या आत तिनं हळूच कुकरखालचा गॅस बंद केला.