निळ्या खुर्चीची भुकटी

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध निळी प्लास्टिकची खुर्ची, शेजारी महाराज. गेलेल्या गुरूंची ही बैठक म्हणे, सात वर्षं उन्हापावसात उघड्यावर ठेवलेली. महाराजांनी तिच्या पाठीवरून तळवा फिरवून वर धरला. भुकटीने पांढराशुभ्र!

"गुरूंची कृपा! खुर्ची झिजते, पण भुकटी संपत नाही!" महाराज गरजले. "औषधं सोडा! रोज चिमूटभर, दुधातून!"

लोकांनी हात जोडले. रांगेत माझी धाकटी बहीणही होती. महिनाभर तिने लेकीच्या फिटच्या गोळ्या बंद करून हीच भुकटी पाजली होती. त्या सकाळी भाचीला अर्धा तास झटके आले. पोर दवाखान्यात बेशुद्ध, आणि ही बया मोठी पुडी न्यायला आलेली! माझं डोकंच फिरलं.

मी खुर्च्यांच्या कारखान्यात वीस वर्षं मशीन चालवतोय. तडक पुढे घुसलो आणि खुर्ची उलटी केली.

"हात लावू नकोस, भस्म होशील!" महाराज ओरडले.

"होऊ दे." खालची बाजू चकचकीत निळी होती. रुमालाने खसाखसा घासली, रुमाल कोराच. "काय महाराज, कृपा फक्त ऊन लागतं तिथेच होते का?"

कुजबुज सुरू झाली. "स्वस्त पडावं म्हणून आम्हीच प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळतो," मी ओरडलो. "उन्हाने वरचा थर तडकतो, भुकटी सुटते. पावसाने धुतली तरी ऊन खालचा थर उखडतं, म्हणून संपत नाही. गच्चीवरची जुनी बादली घासून बघा, हेच निघेल!"

खुर्चीच्या बुडाला आमच्याच कारखान्याचा शिक्का होता. प्लास्टिक उन्हात टिकवणारा मसाला ही खुर्ची बनली त्या वर्षी संपला होता, आणि मालक म्हणाले होते, "काढा तशाच." मी दाबताच खुर्चीचा हात काडकन मोडला. तेवढ्यात महाराज पसार झाले.

भाची शुद्धीवर आली, पण आम्हाला ओळखत नाही. बहिणीने विचारलं, "दादा, तुला ठाऊक होतं ना? मग महिनाभर गप्प का बसलास?"

काय सांगू? मला वाटलं, खडूच तर आहे, बाधायचा नाही, हिच्या मनाला तेवढाच धीर. गोळ्या चालू आहेत का, एवढंही मी विचारलं नाही. खडू बाधला नाहीच, बंद केलेली गोळी बाधली.

म्हणून कळकळीने सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आणि खरं काय ते ठाऊक असेल, तर निदान आपल्या घरात तरी भीड न ठेवता बोला.